अर्धी खोली

आमच्या प्रयोगशाळेने पाळणाघराला जागा दिली ती तळघरात. आधी तिथे मोडक्या खुर्च्या असायच्या. खुर्च्यांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली, म्हणून आमच्या पोरांची वर्णी लागली.

"तळघर तर तळघर," हिशेबनीस म्हणाली. "आपण काय बागेसकट बंगला मागितला होता?"

हिशेबनीस म्हणजे आमचे पगार काढणारी बाई. वयाने माझ्याएवढी, तोंडाने माझ्या दसपट. तिचा मुलगा माझ्या लेकीपेक्षा थोडाच मोठा, पण अंगाने असा भरलेला की सगळे त्याला बोका म्हणायचे. माझी लेक मुंगी. जमिनीवर सोडली की दिसेल ते वेचून तोंडात घालते, म्हणून मुंगी. शहरातली पाळणाघरं वर्ष पुरं झाल्याशिवाय मूल घ्यायची नाहीत, आणि तोवर काय करायचं ते आईने आपलं आपण बघावं, असा एकूण कारभार होता. त्यामुळे आम्ही दोघी आणि पोट सांभाळत जिने चढणारी ग्रंथपाल अशा तिघी मिळून वरिष्ठांच्या मागे लागलो होतो. वरिष्ठांनी पालथ्या घड्यावर पाणी असं पुष्कळ दिवस चालवलं, आणि मग एकदम तळघराची किल्ली काढून दिली.

माझं घोडं सगळ्यात जास्त अडलं होतं. मुंगीला दिवसभर सासूबाई सांभाळत, पण आता धाकट्या जावेचे दिवस भरत आले होते. "तुझ्या वेळेला मी आले, मग तिच्या वेळेला नको जायला?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यात इतका न्याय होता की मला भांडायलासुद्धा जागा उरली नाही. नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत, बारा महिने फिरतीवर. माझी आई अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना सोडून हलू शकत नाही. म्हणजे पाळणाघर उघडलं तर माझी नोकरी राहणार होती आणि नाही उघडलं तर मी घरी बसणार होते. यात तिसरं काही नव्हतं.

नोकरी काय, तर झोत मांडायची. कारखान्याचं नाहीतर वीजकेंद्राचं पाणी नळातून तळ्यात किंवा नदीत सोडतात, तेव्हा तो झोत किती लांब जाईल, किती पसरेल, कुठे विरेल, हे मी कॉम्प्युटरवर काढते. झोत हा मोठा हावरट प्राणी आहे. तो कधी एकटा जात नाही. कडेच्या पाण्याला भोवऱ्यांत ओढतो, आपल्यात घेतो, फुगतो, आणि जितका फुगतो तितका मंदावतो. वाहत्या नदीत सोडला तर नदी त्याला वाकवून बरोबर नेते. शांत तळ्यात सोडला तर स्वतःच्या जोरावर जाईल तेवढा जातो. त्यातला भोवरा न् भोवरा मोजणं कुणाच्या बापाला जमत नाही, म्हणून आम्ही सगळ्या खळबळीची सरासरी धरतो, आणि ती जमावी म्हणून गणितात काही स्थिरांक घालतो. नाव स्थिरांक असलं तरी जो तो ते आपल्या सोयीने थोडे इकडेतिकडे करतो. आमच्या विभागप्रमुखांचं मत मात्र एकदा झालं की झालं. म्हणून आम्ही त्यांनाच स्थिरांक म्हणायचो. पाठीमागे, अर्थात.

तर स्थिरांकसरांनी मला बोलावलं.

"तळघराला खिडकी नाही," ते म्हणाले. "एका भिंतीत मधोमध हवा आत सोडणारी जाळी आहे, समोरच्या भिंतीत मधोमध बाहेर ओढणारी. पाळणे दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून. पाळण्यांपाशी ताजी हवा पोचते का, एवढं पाळणाघराला मंजुरी देणाऱ्या समितीला हवंय. तुझंच काम आहे. पाण्याचा झोत काय आणि हवेचा झोत काय."

"आणि पोचत नाही असं निघालं तर?"

"तू करतेयस ना?" सर हसले. "मग पोचते असंच निघेल."

मुंगीसाठी दूध काढायला मला रंगांची खोली दिली होती. पाण्यातला झोत डोळ्यांना दिसावा म्हणून आम्ही त्यात लाल-हिरवे रंग सोडतो, त्यांच्या कॅनची ती कोठी. आतून कडी लावायची, एका कॅनवर बसायचं, दुसऱ्यावर पंप ठेवायचा. पंप आपला कुईकुई करत राही आणि मी भिंतीकडे बघत मनातल्या मनात समीकरणं लिहीत असे. दिवसातून दोन वेळा हे, मध्ये घरी फोन, मुंगीने काय खाल्लं, काय सांडलं, किती वेळा रडली. उरेल त्यात काम. रंगांच्या खोलीतच मी ठरवलं, की तळघर अर्धंच घ्यायचं.

ही काही चोरी नव्हती. आमच्या धंद्यात सगळेच करतात. खोली दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी असेल तर ती मधोमध उभी कापायची, एकच अर्धी घ्यायची, आणि कापल्या जागी आरसा धरायचा. आरसा म्हणजे गणिताला सांगायचं, बाबा रे, पलीकडे जे काही आहे ते अलीकडच्यासारखंच आहे, बघायला जाऊ नकोस. अर्धी खोली, अर्धं गणित, अर्धा वेळ. मी तेव्हा सगळंच अर्धं करत होते. अर्धी झोप, अर्धं जेवण. वाक्यंसुद्धा अर्धीच बोलत होते. उरलेली अर्धी समोरच्याने समजून घ्यायची.

गणित छान सुटलं. हवा खोलीत शिरल्यापासून किती वेळ तिथेच आहे, त्याला आम्ही हवेचं वय म्हणतो. कोवळी हवा निळी दाखवतात, म्हातारी लाल. माझ्या चित्रात झोत मधून सरळ गेला, दोन्ही अंगांनी सारखा फुगला, आणि त्याची निळी कड अलगद पाळण्यांवरून फिरली. अगदी आई पांघरूण घालते तशी. मी ती अर्धी खोली आरशात उलटवून दुसऱ्या अर्धीला चिकटवली आणि पूर्ण चित्र समितीला दिलं. समिती खूश. हिशेबनीसने तर जिन्यातच माझ्या गालाचा मुका घेतला.

घरी सासूबाई जावेसाठी दुपटी घडी करत होत्या. त्यांनाही मी ते चित्र दाखवलं.

"हवेलाही वय असतं होय गं?"

"असतं ना, आई. ही निळी म्हणजे तान्ही, ही लाल म्हणजे म्हातारी."

"मग त्या म्हातारीला सुना किती?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच इतक्या हसल्या की मुंगीही काही न कळता टाळ्या पिटायला लागली. मग दुपटं खाली ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "तुझं नीट लागलं म्हणजे मी सुटले बघ. नाहीतर तिकडे जाऊन जीव इकडेच."

शनिवारी कार्यालयाला सुट्टी. सरांना समितीसाठी फोटो हवा होता. पाळण्यांवर दोरे टांगायचे, ते हलताना टिपायचे, म्हणजे चित्र न कळणाऱ्यालाही हवा दिसेल. सासूबाई खरेदीला गेल्या होत्या, म्हणून मी मुंगीला छातीशी बांधून नेलं. मदतीला शिडीवाला होता. तो इमारतीची सगळी डागडुजी करतो आणि त्याच्या खांद्यावर कायम एक शिडी असते. तिच्याशिवाय तो मला रस्त्यात भेटला तर कदाचित ओळखू येणार नाही.

आम्ही दोन्ही रांगांवर काठ्या बांधल्या आणि शिवणाचे पांढरे दोरे सोडले. हवेचं यंत्र चालू केलं. डावीकडचे दोरे लगेच नाचायला लागले. उजवीकडचे सरळ लोंबत राहिले, ओल्या केसांसारखे.

"उजवीकडच्यांना पण सुट्टी आहे का आज?" शिडीवाल्याने विचारलं.

जाळी तुंबली असेल म्हणून त्याला वर चढवलं. जाळी स्वच्छ होती. काठी वाकडी असेल म्हणून सरळ केली. काही फरक नाही. मुंगी अंगावर जड झाली होती, तिला मी डावीकडच्या एका पाळण्यात ठेवलं. तिला ते फार आवडलं. डोक्यावर नाचणाऱ्या दोऱ्याकडे बघून ती पाय झाडत होती.

"बंद करू का मग?" असं म्हणत शिडीवाल्याने शिडी खांद्यावर घेतली आणि डाव्या भिंतीतलं दार उघडलं. शिडी दारात आडवी झाली. तो ती सोडवत असताना मी पाहिलं, उजवीकडचे दोरे उठले. एकेक करून, झोपेतून उठावं तसे. आणि डावीकडचे बसले.

"बघा, मॅडम, बघा," तो दारातूनच ओरडला. "यांनी पक्ष बदलला!"

"दार लावा. आतूनच लावा."

त्याने दार लावलं. मी वाट बघितली. आता खोली पुन्हा मघासारखीच होती, तशीच बंद, तशीच सारखी. दोरे काही परत आले नाहीत. उजवीकडचे नाचतच राहिले, डावीकडचे मेले ते मेलेच.

"एकदा गेले की गेले," शिडीवाला म्हणाला. "सत्ता असेल तिथे राहणार."

मुंगी आपल्या दोऱ्याकडे बघत होती. मघाशी हलत होता, आता का हलत नाही, हे तिला कळेना. तिने हाताने हवेत एक चापट मारून बघितली.

मला मात्र कळलं होतं. झोत दोन्ही बाजूंची हवा ओढतो. मोकळ्या तळ्यात ओढायला पाणी अमाप असतं, त्याला फिकीर नसते. बंद खोलीत तसं नाही. जरा कुठे तो एका भिंतीकडे झुकला की त्या बाजूला ओढायला हवा कमी पडते, तिथला दाब उतरतो, आणि तो आणखीच झुकतो. शेवटी भिंतीला चिकटतो आणि तिच्या कडेकडेने निघून जातो. मग दुसऱ्या बाजूला एक मोठा, आळशी भोवरा तीच ती हवा गोल फिरवत बसतो. आत आलेलं बाहेर पडत नाही. कुठल्या भिंतीला चिकटायचं ते दारासारखं क्षुल्लक काहीतरी ठरवतं. आणि माझ्या गणिताला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण मधोमध मी आरसा धरला होता. आरशापाशी झोताला डावीउजवीकडे कलायची मी सोयच ठेवली नव्हती. दोन्हीकडे सारखं आहे असं मी आधीच सांगून बसले होते, आणि गणिताने माझंच मला परत वाचून दाखवलं.

मी मुंगीला पाळण्यातून उचललं. तिने दोऱ्यासाठी भोकाड पसरलं.

सोमवारी मी आरसा काढला आणि पूर्ण खोली मांडली. कॉम्प्युटर रात्रभर कुथत राहिला. सकाळी चित्रात झोत एका भिंतीला टेकलेला होता, आणि दुसऱ्या भिंतीलगत पाळण्यांची अख्खी रांग लाल. शिडीवाल्याने आपणहून एक उभा पंखा आणून दिला, तोही चालवून आणि मांडून बघितला. ती रांग सुधारली, पण सगळी खोलीच समितीच्या मर्यादेबाहेर गेली. मुळात आत येणारी हवाच बेताची होती. ती थेट पाळण्यांवरून जाते म्हणून तेवढं भागत होतं. पंखा हवा हलवतो, आणत नाही.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली. ते हुशार आहेत. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांना समजलं होतं.

"पाळणे एकाच बाजूला ठेव," ते म्हणाले.

"कुठल्या, सर? दार उघडलं की झोत बाजू बदलतो आणि दार लावलं तरी परत येत नाही. आया दिवसभर दूध पाजायला ये-जा करणार. दार उघडणारच."

"उघडल्यावर कधी इकडे, कधी तिकडे. म्हणजे दिवसाची सरासरी काढलीस तर दोन्हीकडे ठीकच येते."

"बाळ सरासरीत झोपत नाही ना, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले नव्हते, तेच जास्त कठीण होतं. "हे बघ. दुसरी जाळी बसवायची तर पलीकडे आपली मोठी टाकी आहे, ती भिंत फोडता येत नाही. वरून नवी नळी आणायची तर पुढच्या वर्षीच्या बजेटात. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, असंच समज. मी तुला खोटं बोल म्हणत नाहीये. डावीकडच्या दोऱ्यांचा फोटो खरा आहे की नाही? खरा आहे. तो समितीला जाईल. तू फक्त जास्तीचं बोलू नकोस." दारापाशी मला थांबवून ते पुन्हा म्हणाले, "तुझ्याचसाठी सांगतोय. पाळणाघर कुणाला हवंय? मला का?"

मी रंगांच्या खोलीत जाऊन कडी लावली. त्या दिवशी दूध उतरेना. पंप रिकामाच ओढत होता. खरं सांगायचं तर मी तिथे बसून पळवाटा शोधत होते. मुंगीच्या पाळण्यावर मी कायमचा एक दोरा बांधला असता. दर थोड्या वेळाने खाली जाऊन बघितलं असतं, दोरा मेला असेल तर पाळणा पलीकडे ढकलला असता. चाकांचे पाळणे होते, जमलं असतं. मग डोळ्यांसमोर आलं, की पलीकडे आधी बोका असणार. मी मुंगीला तिकडे नेलं की त्याला इकडे यावं लागणार. चुकीची बाजू काही रिकामी राहणार नव्हती. तिथे कुणाचं तरी मूल असणारच होतं, फक्त माझं नसेल एवढं मी बघितलं असतं. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मी उभी राहून विचार करत होते की विहिरीत कुणाला उभं करू.

समितीच्या बैठकीत मी फोटोच्या जागी पूर्ण खोलीचं चित्र लावलं.

अध्यक्ष वयस्कर गृहस्थ. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. "मागचं चित्रही तुमचंच होतं ना?"

"हो. पण ते अर्ध्या खोलीचं होतं."

"मग उरलेली अर्धी कुठे होती?"

"ती मी तशीच असेल असं धरून चालले होते."

कुणीतरी हसलं. सर खाली टेबलाकडे बघत होते. अध्यक्ष म्हणाले, नवी नळी पुढच्या बजेटात घालू, तोवर खोली कुलपात राहू द्या. पुढचा विषय गाड्या कुठे लावायच्या हा होता, आणि त्यावर सगळे एकदम जागे झाले.

हिशेबनीसला बातमी माझ्याआधी पोचली होती. तिने मला जिन्यात गाठलं. ग्रंथपाल तिच्या मागे एका पायरीवर बसली होती, दोन्ही हात पोटावर.

"तुझ्या त्या दोऱ्यांनी गळफास लावलास की गं आम्हाला."

"अगं, ऐक ना."

"काय ऐकू? सगळं जमलं होतं. पाळणे आले होते. मी चादरी शिवल्या होत्या, मी!" तिचा आवाज फाटला. "एक दोरा हलला नाही तर काय पोर मरतं?"

"माहीत नाही."

"बघ! माहीतसुद्धा नाही हिला!"

"माहीत नाही म्हणूनच."

"म्हणूनच, म्हणे. आमच्या घराच्या मागच्या खोलीत झोपतो बोका, तिथे तरी कुठे दोरे हलतात? ते बंद करायला ये आता. ये आणि कुलूप लाव." ग्रंथपालने तिचा पदर ओढला तशी ती गप्प झाली. जाता जाता म्हणाली, "शिकलेल्या बायकांशी मैत्री करू नये. स्वतः बुडतात आणि वर दुसऱ्याला सांगतात, पाणी किती खोल आहे ते."

तिच्या म्हणण्यातलं मागच्या खोलीचं माझ्या मनात रुतून बसलं.  

मी बिनपगारी रजा घेतली. सासूबाई निघाल्या तेव्हा मुंगीने त्यांच्या साडीचा काठ मुठीत असा धरला की एकेक बोट सोडवावं लागलं. सासूबाईंनी तोंड फिरवून घेतलं. "जाऊन येते" असं तीन-चारदा म्हणाल्या, आणि जिना उतरल्यावर खालून पुन्हा हाक मारून सांगितलं, की तिच्या कानामागे तेल लावायला विसरू नकोस.

मग घर. दोन खोल्या, त्यात मी आणि ती. मी आंघोळीला गेले तर दाराबाहेर बसून दार वाजवते. दार उघडं ठेवलं तर आत येऊन बादली पालथी करते. ती झोपली की मी दबकत फिरते, आणि नेमकी खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत खिळा ठोकायला घेतं. बोलायला मोठं माणूस नाही. दुधवाला आला की मी त्याच्याशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारते. आता तो पिशवी ठेवून पळतो. आपला गाल माझ्या मानेत खुपसून ती पडते, तिच्या टाळूला कोमट वास येतो, आणि मला वाटतं की यापेक्षा जास्त कुणाला काय मिळतं. पुढच्याच घटकेला वाटतं की दार उघडून जिन्यावरून धावत सुटावं, अनवाणी, कुठेही. दोन्ही एकाच श्वासात. याची सरासरी मला काढता आलेली नाही.

नवऱ्याचा फोन आला. "लिफ्टमध्ये माणूस अडकला की आम्ही त्याला पहिलं काय सांगतो माहितेय?" तो मला हसवायला बघत होता. "घाबरू नका, आत हवा भरपूर आहे."

"आणि दुसरं?"

"दुसरं, आमचा माणूस निघालाय."

"निघालाय का?"

"कोण?"

"तू."

त्याच्यामागे यंत्रांची घरघर चालू होती. मग तो म्हणाला, "बघतो. पुढच्या महिन्यात बघतो."

एक गोष्ट मात्र सरांनी केली. त्यांनी आपणहून कळवलं, की वरून नळी आणली तर काय होईल, त्याचं गणित तू घरून कर. बजेटाच्या बैठकीत मी मांडीन. मत बदललं असं ते म्हणाले नाहीत, पण पूर्ण खोली घे, आरसा नको, असं मुद्दाम म्हणाले. मुंगी दुपारी झोपते तो तास मी त्याला दिला. तिला मांडीवर निजवायचं, एक हात तिच्या पाठीवर आणि एका हाताने टाइप करायचं. नळी छतातून, मधल्या जागी नाही, जरा एका बाजूला. झोताला कुठे झुकायचं ते आपणच आधी ठरवून द्यायचं, म्हणजे दारावर अवलंबून राहायला नको. रोज थोडं थोडं पुढे सरकत होतं. त्या एका तासात मी कुणाची आई असतेच, पण आणखीही कुणीतरी असते.

आणि आज सकाळी दार वाजलं.

दारात हिशेबनीस. कडेवर बोका, खांद्यावर फुगलेली पिशवी. जिन्यातल्या त्या भांडणानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आताही तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"खिडक्या किती आहेत गं तुझ्याकडे?"

"दोन. का?"

"समोरासमोर?"

"हो. अगं, आत तर ये."

ती आत आली नाही. पायातली चप्पल काढावी की नको अशी घुटमळली. "शेजारच्या मावशी सांभाळत होत्या ना याला, त्या पडल्या. पाय मोडला. माझी रजा संपली, सगळी संपली. आज गेले नाही तर उद्या जायचं कारणच उरणार नाही." मग ती एकदम नेहमीच्या आवाजात आली. "मागच्या खोलीत ठेवून कुणी बघणारं असतं तरी ठेवला नसता. तुझं ते ऐकल्यापासून मी झोपते कुठे? उठून उठून त्याच्या नाकाशी हात धरते. चांगला नाद लावलास."

मी दार पूर्ण उघडलं.

"संध्याकाळी नेईन. भात मऊ लागतो त्याला. आणि ग्रंथपाल विचारत होती, तिचंही बाळ आल्यावर..."

"अगं, पण मी..." दुपारचा तास माझ्या जिभेवर आला होता. नळी, छत, बैठक, सगळं आलं होतं. अजून थोडंच राहिलंय, हे तिला सांगायचं होतं. ते तिच्याचसाठी आहे, बोक्यासाठी आहे, हेही सांगायचं होतं.

"काय पण?" ती म्हणाली. आता तिने माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते. "तूच सांगितलंस ना, तिथे हवा नाही. मग जिथे आहे तिथे घेऊन आले."

बोक्याने तोवर माझ्या चष्म्याला हात घातला होता. मी त्याला घेतला. केवढा जड! हिशेबनीसने पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवली, त्याच्या गालाला ओठ लावले, आणि मागे न बघता धडधडत जिना उतरून गेली. तो रडेल म्हणून मी वाट बघितली, पण तो नाही, मुंगीच रडायला लागली. तिची जागा कुणीतरी घेतली होती. मी खाली बसून तिलाही उचललं.

दुपारी दोघं झोपली ती माझ्याच अंगावर, एकेका बाजूला एकेक. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. लॅपटॉप समोरच्या टेबलावर, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर होता. हात सोडवायला गेले की बोका कुरकुरायचा. मी दुसरा सोडवून बघितला, तर मुंगी.